वाचकांचे प्रश्न : नखे घासण्याच्या उपकरणाला टॅगलाइन हवी आहे

प्रश्न : सादर नमस्कार. आम्ही तिघांनी मिळून पाळीव प्राण्यांची नखे घासून कमी करण्याचे एक छोटे उपकरण तयार केले आहे. ते बॅटरीवर चालते आणि त्याला दोन वेग आहेत. पुढच्या टोकाला सँडपेपरसारखा खरखरीत रोलर फिरतो आणि त्यावर एक टोपण बसते. टोपणाच्या फटीतून नखाचे फक्त टोक आत जाते आणि ही फट कमी-जास्त करता येत असल्यामुळे एका स्पर्शात नखाचा अगदी पातळ थर निघतो. शेजारी एक छोटा दिवाही आहे. उपकरण बाजारात आणण्यापूर्वी टॅगलाइन निश्चित करायची आहे, परंतु आमची मते जुळत नाहीत. आमच्यासमोर पाच ओळी आहेत : ‘नखांचे नखरे संपले!’, ‘सौंदर्य, सुरक्षा आणि स्नेह, एकाच स्पर्शात’, ‘जगातील सर्वांत सुरक्षित नेल ग्रूमर’, ‘आवाज नाही, वेदना नाही, भीती नाही’ आणि ‘तुमच्या लाडक्यासाठी प्रेमाचा स्पर्श’. यांपैकी कोणती निवडावी, की नवीनच ओळ लिहावी, याबद्दल आपण मार्गदर्शन करावे.
— एक नवउद्योजिका

उत्तर : पाचही ओळी मी मोठ्याने वाचल्या आणि मग त्या बाजूला ठेवून तुमच्या पत्राचा वरचा भाग पुन्हा वाचला, कारण तुमची टॅगलाइन त्या पाच ओळींत नसून उपकरणाच्या वर्णनात दडलेली आहे, असे माझे मत झाले. ‘एका स्पर्शात नखाचा अगदी पातळ थर निघतो’ हे तुम्ही जाता जाता लिहून गेलात आणि लगेच दिव्याकडे वळलात. विकत घेणाऱ्या माणसाला मात्र नेमके तेवढेच ऐकायचे असते. ते का, हे समजण्यासाठी थोडा वेळ शब्दांचा विचार सोडून नखाचा विचार करावा लागेल.

कुत्र्याच्या नखाचे बाहेरचे कवच केराटिनचे असते आणि आपल्या नखाच्या टोकाप्रमाणेच त्यात संवेदना नसते. आत मात्र रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असलेला जिवंत भाग असतो. त्याला आपण जिव्हाळी म्हणतो आणि ग्रूमिंगच्या व्यवसायातले लोक सर्रास ‘क्विक’ म्हणतात. नेलकटरने जरा जास्त कापले गेले, की जिव्हाळी दुखावते, प्राणी कळवळतो आणि रक्त येते. हे रक्त सहसा जिवावर बेतणारे नसते. रक्त थांबवणारी पूड लावली किंवा स्वच्छ कापडाने काही मिनिटे दाबून धरले, की ते बहुधा थांबते. फिक्या रंगाच्या नखात जिव्हाळी गुलाबी दिसते, त्यामुळे कुठे थांबायचे याचा अंदाज येतो. काळ्या नखात ती बाहेरून दिसतच नाही. अशा नखाचे पातळ काप घेत गेल्यास कापलेल्या भागाच्या मध्यभागी एक गडद ठिपका दिसू लागतो आणि तिथे हात थांबवायचा असतो, पण हे सरावलेल्या हाताचे काम आहे. एकदा रक्त आले, की पुढच्या वेळी कुत्रा पंजा मागे घेतो, आणि खरे सांगायचे तर माणूसही नेलकटर हातात घ्यायला धजत नाही.

तुमचा ग्राहक हा असा माणूस आहे. त्याच्या कपाटात नेलकटर पडून आहे, फरशीवर नखांची टकटक त्याला रोज ऐकू येते, आणि आज नको, रविवारी बघू, असे म्हणत तो ते काम पुढे ढकलतो आहे. नखे वाढत राहतात, त्यांच्याबरोबर जिव्हाळीही लांबत जाते आणि मग पूर्वी सुरक्षित असलेल्या जागी कापले तरी रक्त येते. याच्या उलट, वारंवार थोडे थोडे कमी करत राहिल्यास जिव्हाळी हळूहळू मागे सरकते. म्हणजे तुमच्या उपकरणाची खरी स्पर्धा दुसऱ्या उपकरणाशी कमी आणि या चालढकलीशी जास्त आहे. टॅगलाइनने या माणसाशी बोलायचे आहे. कुत्रा खोक्यावरचे वाचणार नाही.

आता तुमच्या ओळी पाहू. ‘नखांचे नखरे संपले!’ ही मराठी माणसाला सर्वांत आधी सुचणारी कोटी आहे आणि तुमच्यापैकी निदान एकाला ती फार आवडली असणार, हे मी गृहीत धरतो. कोटी वाईट नाही. उच्चारायला सोपी आहे आणि लक्षातही राहते. परंतु पंजा मागे घेणारा कुत्रा नखरे करत नसतो, तो घाबरलेला असतो. ज्याने आपल्या कुत्र्याला थरथरताना पाहिले आहे, त्याला ही ओळ वाचून आपल्या प्राण्याची थट्टा झाल्यासारखे वाटेल, आणि नेमका तोच माणूस तुमचा ग्राहक आहे. शिवाय हसू आणणारी ओळ दुसऱ्या वाचनात शिळी होते, आणि तुमचे उपकरण वर्षानुवर्षे वापरायचे आहे.

‘सौंदर्य, सुरक्षा आणि स्नेह’ या ओळीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. ती शाम्पूवर, पट्ट्यावर, विमा पॉलिसीवर, कुठेही चिकटवता येते. ‘प्रेमाचा स्पर्श’ हिचेही तेच. त्यात भर म्हणजे, जो माणूस नखे कापत नाही त्याचे प्रेम कमी आहे, असा एक अर्थ तिच्यातून निघू शकतो आणि तो कोणालाच आवडणार नाही.

‘जगातील सर्वांत सुरक्षित’ हे लिहायचे असेल, तर जगातल्या इतर उपकरणांशी केलेल्या तुलनेचा पुरावा हाताशी हवा. तो नसताना अशी विधाने करणे जाहिरातीच्या नियमांच्या दृष्टीने धोक्याचे आहेच, पण मला त्याहून मोठी अडचण वेगळी वाटते : ‘सर्वांत’ या शब्दावर आता कोणी विश्वास ठेवत नाही. मोटारी भाड्याने देणाऱ्या एव्हिस कंपनीने १९६२ साली, आपण दुसऱ्या क्रमांकावर आहोत म्हणून अधिक झटतो, अशा अर्थाची ओळ स्वीकारली आणि ती तब्बल ५० वर्षे चालवली. नव्या, लहान उत्पादकाने मोठेपणाचा दावा करण्यापेक्षा आपल्या मापाचे खरे बोलणे अधिक फायद्याचे ठरते, याचे हे मला आठवणारे सर्वांत चांगले उदाहरण आहे.

‘आवाज नाही, वेदना नाही, भीती नाही’ ही ओळ मात्र सविस्तर तपासायला हवी, कारण पाचांपैकी हीच एक ग्राहकाच्या मनातल्या गोष्टींना हात घालते. तिचा ठेका चांगला आहे आणि तीनदा येणारा नकार कानाला पटतो. दुर्दैवाने तिन्ही नकार अडचणीत आणणारे आहेत. मोटर असलेले उपकरण आवाज करतेच. आपल्याला तो मंद वाटेल, पण माणसाला साधारणपणे २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात, तर कुत्र्याला सुमारे ४५,००० हर्ट्झपर्यंतचे आणि मांजराला त्याहूनही वरचे. मोटरची जी बारीक किणकिण आपल्या कानांच्या कक्षेबाहेर आहे, ती त्यांना स्पष्ट ऐकू येऊ शकते, आणि कंपने तर थेट पंज्यातून वर चढतात. ‘वेदना नाही’ हे विधान रोलर जिव्हाळीपर्यंत पोचला नाही, तोवरच खरे आहे. तो एकाच जागी दाबून धरला तर घर्षणाने नख तापते आणि तोही चटका प्राण्याला जाणवतो. आणि ‘भीती नाही’ हे तर कोणत्याही उपकरणाला सांगता येणार नाही, कारण भीती कमी होते ती माणसाने उपकरण आधी बंद ठेवून हुंगायला देण्याने, मग दुरून चालू करून दाखवण्याने, आणि पहिल्या दिवशी एकाच नखावर थांबण्याने. घरी नेल्यावर कुत्रा पहिल्याच आवाजाला पलंगाखाली गेला, की ही ओळ खोटी पडली. खोट्या पडलेल्या टॅगलाइनचा राग उपकरणावर निघतो, मग उपकरण कितीही चांगले असो.

तुम्ही दिव्यालाही टॅगलाइनमध्ये आणण्याच्या विचारात असाल, तर तो मोह टाळा. फिक्या नखात दिवा उपयोगी पडतो. काळ्या, जाड नखातून प्रकाश आरपार दिसत नाही. ज्याला सर्वांत जास्त भीती आहे त्या काळ्या नखांच्या कुत्र्याच्या मालकालाच दिवा फारशी मदत करणार नाही.

मग उरते काय? टोपणाची ती फट उरते. नखाचे टोकच आत जाते, पातळ थरच निघतो, केस रोलरमध्ये ओढले जाण्याचा धोका कमी होतो आणि हात जरा हलला तरी एकदम मोठा तुकडा जात नाही. याला ‘सुरक्षा’ असे मोठे नाव देण्याऐवजी ते जसे आहे तसे सांगावे. फेडरल एक्स्प्रेस या कुरियर कंपनीने १९७८ साली जी ओळ आणली, तिचा आशय एवढाच होता, की पार्सल काहीही करून रातोरात पोचलेच पाहिजे असेल तेव्हा आमच्याकडे या. कार्यक्षमता, विश्वास, तत्परता यांपैकी एकही भारदस्त शब्द तिच्यात नव्हता. पार्सल वेळेत न पोचण्याची धास्ती असलेला माणूस आणि ‘रातोरात’ हे मोजता येणारे वचन, एवढेच होते. तुमच्याकडेही धास्तावलेला माणूस आहे आणि ‘पातळ थर’ हे डोळ्यांना दिसणारे वचन आहे.

या दिशेने मी काही ओळी लिहून पाहिल्या. ‘कापू नका, घासा’ ही पहिली. तीन शब्द, सरळ आज्ञा आणि नेलकटरपासून वेगळेपण लगेच स्पष्ट. तिच्यातला दोष हा, की फिरत्या रोलरचे कोणतेही उपकरण तीच ओळ लावू शकते. तुम्ही पैसे खर्च करून ती लोकांच्या तोंडी बसवाल आणि लाभ साऱ्या प्रतिस्पर्ध्यांना होईल. ‘थोडंच घासतं, म्हणून सोपं जातं’ ही दुसरी. हिच्यात तुमच्या टोपणाचे काम आले, कारण आले आणि परिणामही आला; बोलण्याची लयही घरगुती आहे. लांबी मात्र जास्त आहे आणि उपकरणाच्या दांड्यावर ती मावणार नाही.

तिसरी ओळ ‘थोडं थोडं, न घाबरता’ ही आहे आणि माझे मत तिच्या बाजूने आहे. कोणी न घाबरता, हे ती सांगत नाही, त्यामुळे ती प्राण्यालाही लागू पडते आणि माणसालाही. ती हमी देत नाही, पद्धत सांगते. म्हणून पहिल्या दिवशी कुत्रा पळाला तरी ती खोटी ठरत नाही, उलट पुढे काय करायचे तेच सुचवते. एका नखाचा थोडा भाग, एका दिवशी थोडी नखे, रोलर क्षणभर टेकवून उचलणे, हे सगळे तिच्या पोटात येते. कुत्र्याला साधारणपणे पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्या पायांना चार-चार अशी १८ नखे असतात. ती सगळी एकाच बैठकीत संपवण्याचा अट्टहासच पुष्कळदा सगळे बिघडवतो, आणि तुमची ओळ ग्राहकाला त्या अट्टहासातून मोकळे करते.

छपाईबद्दल दोन गोष्टी सांगून हे उत्तर संपवतो. दांडा अरुंद आहे, त्यामुळे अक्षरे लहान असणार आणि बहुधा कोरलेली असणार. देवनागरीत अशा आकाराला पहिला बळी अनुस्वाराचा जातो : ‘थोडं’चा टिंब भरून जातो किंवा शिरोरेषेला चिकटतो आणि ‘थोड’ उरते. त्यामुळे कोरण्यापूर्वी खऱ्या आकाराचा नमुना काढून हातभर अंतरावरून वाचून पाहा. दुसरी गोष्ट ‘नख’ या शब्दाची. काही फॉन्टमध्ये ‘ख’चे दोन भाग खाली जुळलेले नसतात आणि लहान आकारात तो ‘रव’ असा वाचला जातो. टॅगलाइनमध्ये हा शब्द नसला तरी खोक्यावर तो असणारच, तेव्हा खाली जुळलेला ‘ख’ असलेला फॉन्ट आग्रहाने मागून घ्या.

प्रश्न : टॅगलाइनमध्ये ‘नख’ हा शब्दच नसेल, तर ती कशाची आहे हे लोकांना कसे कळणार? आमच्या एका उत्पादनाच्या वेळी डिझायनरने ‘उत्पादनाचे नाव ओळीत हवेच’ असा आग्रह धरला होता.
— लघुउद्योग चालवणारे एक वाचक

उत्तर : खोक्यावर तीन वेगवेगळी कामे तीन वेगवेगळ्या मजकुरांनी करायची असतात आणि गोंधळ होतो तो एकाच ओळीला तिन्ही कामे लावल्यामुळे. ब्रँडचे नाव ओळख देते. त्याखालची वर्णनाची ओळ वस्तू काय आहे ते सांगते, आणि ती जितकी कोरडी असेल तितकी चांगली : ‘पाळीव प्राण्यांची नखे घासण्याचे बॅटरीवरील उपकरण’. यात कल्पकता दाखवण्याची गरज नाही. ती ओळ दुकानातल्या विक्रेत्याला आणि ऑनलाइन शोधणाऱ्याला उपयोगी पडते. ही दोन कामे झाल्यावर टॅगलाइन मोकळी होते आणि ती घ्यावे का वाटावे, एवढ्याच प्रश्नाकडे पाहू शकते.

तुमच्या डिझायनरचा आग्रह एका परिस्थितीत योग्य ठरतो. ब्रँडचे नाव अगदी अनोळखी आणि अर्थहीन असेल, आणि ओळ वर्णनाशिवाय एकटीच दिसणार असेल, उदाहरणार्थ रेडिओवर किंवा फलकावर, तर ओळीत वस्तूची खूण हवी. तशा ठिकाणी ‘नखं थोडी थोडी, न घाबरता’ असा बदल करता येईल. परंतु खोक्यावर कुत्र्याच्या पंज्याचे चित्र शेजारी असताना ‘नख’ लिहिणे म्हणजे चित्राखाली चित्राचे नाव लिहिणे होय.

प्रश्न : माझ्याकडे दोन मांजरे आहेत. अशा उपकरणांच्या खोक्यांवर कुत्रा आणि मांजर दोघांचीही चित्रे असतात आणि ‘सर्व पाळीव प्राण्यांसाठी’ असे लिहिलेले असते. प्रत्यक्षात माझी मांजरे रोलरजवळही येत नाहीत. अशा वेळी एकच टॅगलाइन दोन्ही प्राण्यांसाठी वापरणे प्रामाणिक आहे का?
— मांजरे पाळणारी एक वाचक

उत्तर : तुमचा अनुभव अपवाद नाही. मांजराचे नख कुत्र्याच्या नखापेक्षा पातळ, टोकदार आणि एरवी आत ओढलेले असते. बोटावर हलके दाबल्यावर ते बाहेर येते. शिवाय मांजर खरवडण्याच्या खांबावर नखे घासते तेव्हा बाहेरची जुनी कवचे निघून जातात आणि खालून नवे, धारदार टोक येते. त्यामुळे मांजराच्या नखाचे फक्त अणकुचीदार टोक कमी करायचे असते आणि त्यासाठी लहान कात्रीसारखे नेलकटर बहुधा पुरते. वयस्क मांजरांचे चित्र थोडे वेगळे असते. त्यांचे खरवडणे कमी होते, नखे जाड होतात आणि कधी कधी वळून बोटाच्या गादीत रुततात, त्यामुळे त्यांच्याकडे नियमित लक्ष द्यावे लागते. पण त्या वयात गुणगुणणारी मोटर पंज्याशी आणणे किती मांजरांना मानवेल, याबद्दल मला शंका आहे.

म्हणून माझा सल्ला उत्पादकांना असा, की ‘सर्व पाळीव प्राण्यांसाठी’ हे शब्द टॅगलाइनच्या जवळपासही आणू नयेत. त्यात ससाही आला, गिनीपिगही आला आणि पोपटही आला. यांच्या नखांचा आकार वेगळा, धरण्याची पद्धत वेगळी आणि घाबरल्यावरची प्रतिक्रियाही वेगळी असते. घाबरलेला ससा जोरात लाथ मारताना स्वतःच्या पाठीच्या कण्याला इजा करून घेऊ शकतो. उपकरण कुत्र्यांवर वापरून पाहिले असेल तर खोक्यावर कुत्राच छापावा आणि वर्णनाच्या ओळीत ‘कुत्र्यांसाठी’ असे स्पष्ट लिहावे. ग्राहकवर्ग लहान झाला असे वाटेल, पण परत येणारी खोकी कमी होतील. ओळ दोघांसाठी एक असली तरी हरकत नाही. अप्रामाणिकपणा येतो तो चित्रातून आणि ‘सर्व’ या शब्दातून.

प्रश्न : आम्ही तीन टॅगलाइन निवडून ओळखीच्या लोकांना पाठवल्या. सगळ्यांनी ‘तिन्ही छान आहेत’ असे कळवले. यातून निर्णय कसा घ्यावा?
— ग्रूमिंगचा व्यवसाय करणारे एक वाचक

उत्तर : निर्णय घेता येणार नाही, कारण तुम्ही प्रश्नच असा विचारलात, की सभ्य माणसाला दुसरे उत्तर देणे अवघड जावे. ‘कशी वाटली?’ या प्रश्नाला ओळखीची माणसे नात्याला उत्तर देतात, ओळीला नाही.

तुमचा व्यवसाय ग्रूमिंगचा असल्यामुळे तुमच्याकडे एक मोठी सोय आहे. ज्यांना विचारायला हवे ते लोक रोज तुमच्या दारात उभे असतात, आणि तेही प्राण्याला घेऊन. त्यांतल्या कुत्र्याची नखे स्वतः न कापणाऱ्यांना निवडा. एका कागदावर एकच ओळ मोठ्या अक्षरांत लिहा, खाली उपकरणाचे चित्र ठेवा, आणि ते पाहून झाल्यावर कागद उलटा करून विचारा : ‘ही वस्तू वापरताना काय होईल, असे तुम्हाला वाटते?’ त्यांचे उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. ‘हळूहळू घासलं जाईल’, ‘जास्त निघणार नाही’ अशी उत्तरे आली, तर ओळ आपले काम करते आहे. ‘नखं चमकतील’ किंवा ‘आवाज येणार नसेल’ असे कोणी म्हणाले, तर ओळीतून तुम्हाला नको असलेले वचन निघते आहे आणि ती कितीही गोड असली तरी सोडून द्यावी. प्रत्येक माणसाला एकच ओळ दाखवा. तिन्ही एकत्र दाखवल्या, की लोक ग्राहक राहत नाहीत, परीक्षक होतात.

पुढच्या भेटीत, नखे वाढून ते पुन्हा येतील तेव्हा, कागद न दाखवता ओळ आठवते का ते विचारा. शब्द जसेच्या तसे आठवण्याची अपेक्षा धरू नका. ‘ते थोडं थोडं घासायचं काहीतरी होतं ना’ एवढे निघाले तरी पुष्कळ झाले. या संवादात दुसराही एक लाभ होतो : नख कापताना काय झाले होते, हे लोक स्वतःहून सांगू लागतात, आणि त्यांच्या तोंडची एखादी साधी तक्रार ही कार्यालयात बसून सुचलेल्या दहा ओळींपेक्षा उजवी असते. वहीत आधी ती टिपून घ्यावी.

प्रश्न : खोक्यावर टॅगलाइनच्या शेजारी ‘पशुवैद्यांची पसंती’ असे छापले तर विश्वास वाढेल का?
— एक वाचक

उत्तर : कोणत्या पशुवैद्यांची, किती जणांची आणि त्यांनी उपकरण वापरून पाहिले होते का, या तीन प्रश्नांची लेखी उत्तरे तुमच्याकडे असतील तर छापा. ओळखीच्या एका डॉक्टरांनी ‘चांगले दिसते’ असे म्हटले असेल तर छापू नका. त्याऐवजी त्यांच्याकडून खोक्यातल्या माहितीपत्रकाचा मजकूर तपासून घ्या, विशेषतः रक्त आल्यास काय करावे तो भाग आणि पायाच्या आतल्या बाजूला वर असलेल्या नखाचा भाग. ते नख जमिनीला टेकत नाही, झिजत नाही, आणि दुर्लक्ष झाले तर वळून मांसात रुतते. माहितीपत्रकात त्याचा उल्लेख राहून जाण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

प्रश्न : टॅगलाइन ठरल्यावर तिची नोंदणी करावी का? आणि ती किती काळ ठेवावी? दर हंगामात नवी ओळ आणली तर ताजेपणा राहील, असे आमच्या विक्री विभागाचे म्हणणे आहे.
— एक उत्पादक

उत्तर : नोंदणीचा निर्णय ट्रेडमार्कच्या जाणकार वकिलाशी बोलूनच घ्यावा, परंतु जाण्यापूर्वी दोन गोष्टी माहीत असाव्यात. वस्तूचे निव्वळ वर्णन करणाऱ्या ओळीला ट्रेडमार्कचे संरक्षण मिळणे सहसा अवघड असते, कारण ‘नखे घासणारे उपकरण’ असे म्हणण्याचा हक्क सगळ्यांनाच हवा असतो. आणि कॉपीराइटही साधारणपणे इतक्या छोट्या वाक्प्रयोगांना मिळत नाही. दुसरी गोष्ट वर्गाची. ट्रेडमार्कसाठी बहुतेक देशांत वापरले जाणारे नीस वर्गीकरण वस्तू आणि सेवांचे ४५ वर्ग करते आणि हाताने वापरायची अवजारे, नखे कापण्याची साधने वगैरे त्यातल्या ८ व्या वर्गात येतात. त्या वर्गात तुमच्यासारखी ओळ आधीपासून कोणाची आहे का, याचा शोध खोकी छापायला टाकण्यापूर्वी घ्या. छापल्यानंतर शोध घेणारे उत्पादकच अधिक भेटतात, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

हंगामी बदलाच्या बाजूने मी नाही. हिरा कायम टिकतो, अशा अर्थाची डी बिअर्स कंपनीची इंग्रजी ओळ फ्रान्सिस गेरेटी या जाहिरात-लेखिकेने १९४७ साली लिहिली आणि पुढे अनेक दशके ती बदलली गेली नाही. ओळ लिहिणाऱ्याला आणि विकणाऱ्याला ती रोज दिसते, म्हणून ती त्यांना आधी कंटाळवाणी होते; नखे घासण्याचे उपकरण एकदाच विकत घेणाऱ्या माणसाने ती कदाचित दोनदाच पाहिलेली असते. विक्री विभागाला ताजेपणा हवाच असेल, तर जाहिरातीतला कुत्रा बदलावा, चित्र बदलावे, या वेळी काळ्या नखांवर आणि पुढच्या वेळी वयस्क कुत्र्यांवर बोलावे. टॅगलाइन तीच राहू द्यावी, आणि उपकरणात खरोखर काही नवे आले, उदाहरणार्थ टोपणाची फट आपोआप जुळवून घेणारी झाली, तरच ती पुन्हा लिहायला घ्यावी.